वाफसा

जानेवारीतला शनिवार होता, सकाळचे सव्वाअकरा. इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समधल्या एका टेकडीच्या माथ्यावर, बीचच्या रानात मी सायकल खांद्यावर घेऊन उभा होतो. खांद्यावर, कारण ती पेडल मारून पुढे जात नव्हती आणि हाताने ढकलूनही जात नव्हती. मागचं चाक आणि फ्रेम यांच्यामधल्या बोटभर फटीत चिखल, कुजकी पानं आणि गवताच्या काड्या यांचा गिलावा असा घट्ट बसला होता की चाकाने फिरणंच सोडून दिलं होतं. काटकीने उकरावं, दहा पावलं चालावं, की फट पुन्हा भरलेली. जुन्या घरांच्या भिंतींसाठी माती तुडवताना तिच्यात भुसा का घालत, हे त्या दिवशी मला नीट कळलं.

उकरता उकरता फोन वाजला. परभणीकडच्या मामांचा व्हिडिओ कॉल. तिकडे पावणेपाच, चहाची वेळ. मी मोठ्या कौतुकाने कॅमेरा चाकाकडे फिरवला. मामांनी चष्मा वर सरकवून निरखून बघितलं आणि म्हणाले, "वाफसा नाही आला अजून. मग शिरलास कशाला त्यात?"

"मामा, मी काही पेरायला नाही आलोय. सायकल चालवतोय."

"जमिनीला काय कळतंय, तू काय चालवतोयस ते?"

हिवाळ्यातल्या चिखलवाटांवर लांब पल्ल्याची सायकल कशी चालवावी, याबद्दल तोवर मी पुष्कळ वाचलं-ऐकलं होतं. टायर केवढा, हवा किती, साखळीला वंगण कोणतं. या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट मामांनी एका शब्दात सांगून टाकली होती. तो शब्द सावकाश उलगडून बघावा, एवढाच या लेखाचा बेत.

शेतीशी नातं सुटलेल्यांसाठी आधी अर्थ. पाऊस पडून गेला की मातीतल्या मोठ्या पोकळ्यांमधलं पाणी खाली निथळतं, बारीक पोकळ्यांमधलं तिथेच धरून राहतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हवा शिरते. पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ती अवस्था म्हणजे वाफसा. कुणी वापसा म्हणतं, कुठे 'घात आली' म्हणतात. शेतकरी मूठभर माती उचलतो, दाबून लाडू वळतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडून देतो. लाडू पडून फुटला, तर वाफसा आला. चपटा होऊन बसला, तर अजून थांबायचं. लाडू वळलाच नाही, तर वेळ टळली. या परीक्षेत 'ओली की कोरडी' असा प्रश्नच नाही, हे बघण्यासारखं आहे. तिथे तीनच उत्तरं आहेत: अजून नाही, आता, आणि गेली. थोडक्यात, चिखल हा मातीचा प्रकार नसून मातीची एक वेळ आहे. शेतात हे कुणाला सांगावं लागत नाही. सायकलवर बसलेल्या माणसाला मात्र सांगावं लागतं, कारण तो वाटेकडे वाट म्हणून बघतो, जमीन म्हणून बघत नाही.

मी ज्या वाटेवर होतो तिचं नाव साउथ डाउन्स वे. विंचेस्टर या जुन्या शहरापासून ईस्टबोर्नच्या समुद्रापर्यंत 160 किलोमीटर, बहुतेक सगळी खडूच्या टेकड्यांच्या कण्यावरून जाणारी. 1972 मध्ये ती लांब पल्ल्याची घोडेवाट म्हणून अधिकृतपणे खुली झाली, विंचेस्टरकडचा तुकडा नंतर जोडला गेला. घोडेवाटांवर सायकल नेण्याचा हक्क तिकडे 1968 च्या कायद्याने मिळाला. अट एवढीच की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. जूनमध्ये धडधाकट सायकलस्वार पहाटे विंचेस्टर सोडतो आणि उजेड असेतोवर समुद्र गाठतो. जानेवारीत त्याच वाटेला दोन दिवस लागतात, कधी तीन. अंतर तेच, चढ तेच, पायही तेच. बदलते ती फक्त माती.

आता कुणी म्हणेल, तिकडे हिवाळ्यात पाऊस फार असणार. तसं नाही. लंडनचा वर्षभराचा पाऊस साधारण 600 मिलिमीटर, पुण्याहून कमीच. टेकड्यांवर बराच जास्त पडतो, पण महाबळेश्वरच्या साडेपाच हजारांपुढे तो काहीच नाही. शिवाय आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून तो मोकळा होत नाही. थोडा थोडा वर्षभर येत राहतो. जुलैतही पाऊस, जानेवारीतही पाऊस. मग चिखल जानेवारीतच का?

उत्तर पडणाऱ्या पाण्यात सापडत नाही, परत जाणाऱ्या पाण्यात सापडतं. डिसेंबरअखेर त्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम 15-16 अंश चढतो, दिवस आठ तासांचा. ऊन असलं तरी ते तिरकं, टेकडीच्या उत्तर उतारावर पोचतच नाही. झाडांची पानं गळलेली, त्यामुळे मुळांनी पाणी ओढून घेणं थांबलेलं. उन्हाळ्यात एकेक डेरेदार झाड रोज जमिनीतून कितीतरी पाणी उपसत असतं. हिवाळ्यात तो पंप बंद. म्हणजे जमिनीच्या खात्यात जमा चालू आणि खर्च शून्य. शरद ऋतूत एकदा माती भरली की वसंतापर्यंत ती भरलेलीच राहते. आपल्याकडे जुलैत झड लागते, चार दिवस उघडीप मिळते, आणि त्या उघडिपीत वाफसा येतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात पाऊस थांबतो, पण उघडीप मिळत नाही.

त्यातही एक गंमत आहे. या टेकड्या खडूच्या. खडू म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात तळाशी बसलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा दगड. तो सच्छिद्र, पाणी झटकन पिणारा. अशा दगडावर चिखल होऊच नये. उघड्या कण्यावर, जिथे वारा सतत वाहतो, तिथे खरोखरच फारसा होत नाही. फार तर साबण लावल्यासारखा पांढरा, निसरडा लेप बनतो. पण टेकड्यांच्या माथ्यावर ठिकठिकाणी तांबूस चिकणमातीची चादर पसरलेली आहे, तिच्यात चकमकीचे धारदार तुकडे खुपसलेले. झाडी वाढते ती बहुधा या मातीवर. झाडीमुळे वारा नाही, ऊन नाही, वर पानांचा खच. माझं चाक अडकलं ते अशाच ठिकाणी. तिथून अर्ध्या किलोमीटरवर, त्याच पावसाखाली, उघड्या खडूवर सायकल सुरळीत चालत होती. पाऊस एकच, वेळ दोन.

इथवर पटलं असेल तर आता थोडं उलटं वाटणारं विधान करतो: सगळ्यात ओला चिखल सगळ्यात वाईट नसतो.

याचा अनुभव घ्यायला टेकडी चढायची गरज नाही, कणीक मळून बघावी. कोरडं पीठ बोटांना चिकटत नाही, झटकलं की गेलं. पाणी फार झालं तर ते बोटांवरून ओघळून जातं. मधल्या टप्प्यावर मात्र ते बोटांच्या बेचक्यांत, नखांत, अंगठीखाली जाऊन बसतं, आणि फोन नेमका तेव्हाच वाजतो. चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा असला की तो पडदाच त्यांना एकमेकांशी आणि टायरशी जखडून ठेवतो. पडदा जाड झाला की पकड सुटते. पडदाच नसेल तर पकड बसतच नाही.

मधल्या या टप्प्याच्या हद्दी आखून देणारा माणूस होता अल्बर्ट अॅटरबर्ग, स्वीडनच्या काल्मार गावातला रसायनशास्त्रज्ञ. शेतजमीन आणि बियाणं तपासणं हे त्याचं काम. 1911 मध्ये त्याने मातीच्या अवस्थांच्या मर्यादा मांडल्या: कुठे ती वाहायला लागते, कुठे लोखंडी पात्याला चिकटायची थांबते, कुठे चुरा होते. पुढे बांधकामवाल्यांनी त्यातल्या दोन उचलल्या, आणि आपल्याकडे सिव्हिल इंजिनिअरिंग केलेला प्रत्येक जण त्यांच्याशी झटापट करून आलेला आहे. मीही. पितळी वाटीत ओली माती थापायची, मधोमध खाच पाडायची आणि दांडा फिरवायचा. वाटी 1 सेंटिमीटर उचलली जाते आणि आपटते. 25 आपट्यांत खाच मिटली, तर मातीतलं तेवढं पाणी म्हणजे लिक्विड लिमिट. मग काचेवर तळव्याने मातीची वात वळायची. 3 मिलिमीटर जाडीला ती तुटू लागली की प्लॅस्टिक लिमिट. कॉलेजात आम्ही हे आकडे एकमेकांच्या वहीतून उतरवून घेतले. त्या रानात, हातमोजा काढून, चाकातून उकरलेला गोळा मी तळव्यांमध्ये वळून बघितला. वात तीन मिलिमीटरला तुटली नाही, दोनलाही नाही. देवापुढे लावावी अशी लांब, गुळगुळीत वात झाली. त्या दिवशीच्या वाटेचं सगळं दुखणं त्या वातीत होतं.

मामांचा लाडू आणि अॅटरबर्गची वात ही एकाच परीक्षेची दोन रूपं आहेत. स्वीडनच्या शेतातून निघालेला प्रश्न आणि परभणीच्या शेतातला प्रश्न एकच होता: आत्ता या मातीत शिरावं का?

हे ध्यानात आलं की वाट वाचण्याची रीतच बदलते. नवखा सायकलस्वार मोठं डबकं दिसलं की कडेने जातो. कडेलाच चिखल मधल्या अवस्थेत असतो, तिथे चाक रुततं. आणि प्रत्येक जण कडेने गेल्यामुळे वाट दरवर्षी रुंद होत जाते. सरावलेला माणूस डबक्याच्या मधून जातो. पाणी साचून राहिलंय, त्या अर्थी खाली बहुधा कठीण तळ आहे, आणि त्या पाण्याने टायर धुऊनही निघतो. बूट भरतात, ते भरू द्यायचे. चढावर उभं राहून जोर लावायचा नाही. मागचं चाक जागीच फिरतं आणि स्वतःचाच खड्डा खणतं. बसून, हलक्या गिअरवर, जात्याच्या गतीने पाय फिरवत राहायचं.

थंडीच्या बाबतीतही तेच. दक्षिण इंग्लंडमधला हिवाळ्याचा नेहमीचा दिवस शून्याच्या वर पाच-सात अंशांचा, ओलसर, राखाडी. पण अधूनमधून आभाळ निरभ्र होतं आणि पहाटे पारा शून्याखाली जातो. अशा पहाटे सगळा चिखल दगड होतो. आदल्या दिवशी जिथे गुडघ्यापर्यंत राड होती, तिथे चाकं खडखडत धावतात, घोड्यांच्या टापांचे खळगे मुठीएवढे कठीण, दात वाजतात ते थंडीने की हादऱ्याने कळत नाही. ही पहाट म्हणजे देणगी. आणि साडेदहाच्या सुमारास ऊन लागलं की जे होतं ते सगळ्यात वाईट. वरची दोन बोटं माती वितळते, खालची गोठलेलीच. वरच्या पाण्याला खाली निथळायला वाट नाही. दगडी पाट्यावर वाटण पसरावं तसा तो थर पसरतो. मी सव्वाअकराला अडकलो, तो या हिशेबाने नियमानुसारच अडकलो होतो. साडेआठला तिथून गेलो असतो तर रानाची शोभा बघत गेलो असतो. उशीर झाला होता तो न्याहारीत.

लांब पल्ल्याचं वेगळेपण इथे आहे. तासाभराच्या फेरीत माणसाला एक चिखल भेटतो. दिवसभराच्या वाटचालीत आपण जसे मातीवरून जात असतो, तसा दिवसही मातीवरून जात असतो. पहाटेची, दुपारची, संध्याकाळची, झाडीतली, उघड्यावरची अशी माती पाळीपाळीने समोर येते. म्हणून अनुभवी लोक नकाशावर अंतर मोजत नाहीत, वेळा मांडतात. झाडीतला तुकडा दिवा लावून उजाडायच्या आत काढायचा. वाऱ्याने सुकलेला उघडा कणा दुपारसाठी राखायचा. वितळण्याचा तो वाईट तास खालच्या गावातल्या डांबरी रस्त्यावर घालवायचा, किंवा चहाच्या टेबलाशी.

एक आक्षेप राहतो. एवढी सामग्री मिळते, तिने हे सगळं सुटत नाही का? काही अंशी सुटतं. अरुंद टायर वरचा मऊ थर कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोचतो, रुंद टायर वरून तरंगतो. दोन्हींचे दिवस वेगळे. हवा कमी ठेवली तर पकड वाढते. फ्रेममध्ये चाकाभोवती जागा जास्त असली तर गिलावा उशिरा बसतो. उशिराच, पण बसतोच. बेल्जियममध्ये हिवाळाभर सायक्लोक्रॉसच्या शर्यती चालतात, चिखल हेच त्यांचं वैभव. त्या शर्यती बघाव्यात म्हणजे सामग्रीची हद्द कळते. जगातले अव्वल खेळाडू, 33 मिलिमीटरचे टायर, आणि तरीही फेरीगणिक सायकल बदलावी लागते. कडेला माणसं पाण्याचे फवारे घेऊन उभी असतात, एक सायकल धुतात तोवर खेळाडू दुसरीवर. शर्यत जेमतेम तासाभराची. 160 किलोमीटरच्या वाटेवर दुसरी सायकल घेऊन कुणी उभं नसतं. तिथे जी एक आहे तिला सांभाळून न्यायचं असतं. चिखल चकमकीची कचकच घेऊन ब्रेकमध्ये शिरतो. माझे नवे कोरे ब्रेकपॅड एका ओल्या दिवसात धातूपर्यंत घासले गेले; शेवटच्या उतारावर लिव्हर थेट मुठीला टेकत होता आणि मी बुटाचा तळवा मागच्या चाकावर दाबत खाली आलो, शाळेत असताना करायचो तसा.

या भागातल्या माणसांना हे नवं नाही. टेकड्यांच्या उत्तरेला वील्ड नावाचा चिकणमातीचा सखल पट्टा आहे, तिथला चिखल शतकानुशतकं कुप्रसिद्ध. डॅनियल डिफोने 1720 च्या दशकातल्या आपल्या प्रवासवर्णनात लुइस गावाजवळचं एक दृश्य नोंदवलंय: एका खानदानी वृद्ध बाईंची बग्गी सहा बैल चर्चकडे ओढून नेत होते, कारण त्या रस्त्यात घोडे चालूच शकत नव्हते. त्याच भागातून आरमाराच्या चॅटम गोदीकडे जाणाऱ्या ओकच्या ओंडक्यांबद्दलही तो लिहितो. एकेका ओंडक्याला बावीस बैल, थोडं अंतर जाऊन तो वाटेत टाकून द्यायचा, पुढे दुसऱ्यांनी उचलायचा. पोचायला दोन-तीन वर्षं. एकदा पाऊस लागला की त्या वर्षी ओंडका जागचा हलत नसे. तिथल्या बोलीत चिखलाला शब्दही ढीगभर होते. कुजक्या पाल्याचा काळा तो 'गबर', दाट तो 'स्लब', गुरांनी जमीन तुडवून चिखल करणं म्हणजे 'स्टोच'. आपल्याकडे गाळ, रेंदा, लगदा, राड आहेतच. जिथे चिखलाला इतके शब्द असतात, तिथे लोक त्याच्याशी भांडत नसावेत. ओळख पटवून घेत असावेत.

मामांच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र अजून राहिला. 'शिरलास कशाला' हे त्यांनी माझ्या काळजीपोटी विचारलं असं मी धरून चाललो होतो. काळजी माझी नव्हती. काळ्या रानात वाफशाआधी औत घातलं तर ढेकळं निघतात, माती दबते, पोकळ्या बुजतात, आणि त्या चुकीची किंमत पुढे हंगामभर द्यावी लागते. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. तिच्या बाबतीत घाई खपत नाही. म्हणून तिथे थांबणं याला कुणी आळस म्हणत नाही. बांधावर उकिडवं बसून दोन दिवस आभाळाकडे बघणं, हा कामाचाच भाग. आपण सायकलवाले मात्र चिखलाने माखलेले फोटो शौर्यपदकासारखे मिरवतो.

त्या दिवशी मी रान पार केलं नाही. माघारी वळलो, डांबरी रस्त्याने खालच्या गावात गेलो, खिशातली तिळाची वडी चघळत चाकं धुतली आणि आगगाडीने घरी आलो. मनात हरल्याची चुटपुट होती.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा त्याच वाटेने गेलो. बीचला कोवळी पालवी, खाली निळी फुलं, वाट कोरडी ठणठणीत. जिथे अडकलो होतो ती जागा लांबूनच ओळखू आली. वाटेच्या मधोमध खोल चाकोरी उमटलेली, विटेसारखी भाजून निघालेली, टायरच्या नक्षीसकट. शेजारी माझ्या बुटांचे ठसे, आणि जिथे मी सायकल आपटून चिखल झटकला होता तिथे एक उंचवटा. माझ्या पुढे एक घोडेस्वार बाई होत्या. त्यांचा घोडा त्या चाकोरीपाशी थबकला, पाय कुठे ठेवावा ते चाचपून बघितलं, आणि कडेच्या गवतात उतरून वळसा घालून गेला. तिथे गवत आधीच तुडवलेलं होतं. माझ्या आधीही बऱ्याच जणांनी तोच वळसा घेतला असावा.

मी उतरून लाडू वळायला मूठभर माती घ्यायला गेलो. माती निघेना. वेळ टळली होती.